गाडीवाट

साळवी सरांनी मला शाळेत परत बोलावलं ते शिकवायला नाही, राणी करायला.

ह्याच माणसामुळे मी आठवीत शाळा सोडली. भूमितीचा तास होता. परिमिती आणि क्षेत्रफळ ह्यातला फरक मला सांगता आला नाही, तर बोलले, वारल्याच्या डोक्यात भूमिती घालायची म्हणजे खडकावर भात लावायचा. सगळा वर्ग हसला. माझ्या हाताशी डस्टर होता, तो मी फेकला. सरांच्या कानाजवळून गेला आणि फळ्यावर आपटला. मंगलीने डस्टर फेकला हे अजून सगळे सांगतात. सर काय बोलले ते कोणी सांगत नाही.

तर दोन वर्षांनी त्यांचाच शिपाई सायकल मारत राखोलीला आमच्या पाड्यावर आला. सरांनी बोलावलंय, मंडळाच्या नाटकात घ्यायचंय. मंडळ म्हणजे सिल्वासातलं मराठी मंडळ. सरकारी नोकरीवाले, मास्तर लोक, आणि कंपन्या आल्या तसे नाशिकचे-पुण्याचे इंजिनियर आणि त्यांच्या बायका. मराठी आम्हीपण बोलतो, आमच्या पद्धतीची, पण आम्हाला त्या मंडळात कधी कोणी पाणीपण विचारलं नव्हतं.

दरवर्षी एक मेला नाटक असतं आणि दरवर्षी शिवाजी महाराज असतात. एकोणनव्वद साली सरांनी स्वतः नाटक लिहिलं, जव्हार संस्थानावर. पहिल्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये सतरंजीवर बसवून त्यांनी इतिहास सांगितला. खानवेलवरून डोंगर चढत गेलं की जव्हारची हद्द लागते, आपल्या उंबऱ्याला लागून सहाशे वर्षं एक गादी होती, कोळी राजांची, आणि आपल्या पोरांना तिचं नाव माहीत नाही. पेशव्यांनी मुलूख तोडत तोडत नेला, इंग्रज आले, तरी गादी टिकली, अठ्ठेचाळीस साली विलीन झाली. माझा त्या माणसावर राग आहे आणि राहणार, पण खोटं कशाला बोलू, हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच लागतो. मानेची शीर फुगते.

नाटकाला दोन अंक. दुसरा अंक शिरपामाळाचा. महाराज सुरतेच्या वाटेला निघाले तेव्हा जव्हारच्या राजाने त्यांना माळावर गाठून मुकुटात शिरपेच खोवला असं सांगतात, ते. त्या अंकात सगळ्यांना काम पाहिजे होतं. तलवारी, फेटे, तुताऱ्या. पहिला अंक हसायला होता.

त्यात गादी कशी मिळाली ते दाखवायचं होतं. तेव्हा जव्हार वारल्यांच्या नायकाकडे होतं. घाटावरच्या मुकण्याचा जयबा त्याच्याकडे आला आणि बोलला, मला जास्त नको, एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन दे. नायक बोलला, घे. तर जयबाने कातडं घेऊन त्याच्या बारीक बारीक पट्ट्या कापल्या, एकीला एक बांधली आणि नायकाची गढीच्या गढी त्यात घेतली. आतलं सगळं माझं. नायकाला तिकडून उठून गंभीरगडच्या बाजूला जावं लागलं.

सर बोलले, अशी बुद्धी असते राज्य करणाऱ्याची.

नायक झाला होता नारायण. एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट, सावंतवाडीकडचा, गोरापान. त्याला खोबरेल आणि काजळ फासून काळा करणार होते. त्याने सारखं पोट खाजवायचं, जीभ जड करून बोलायचं, आणि जयबाने कातडं मागितलं की बोलायचं, "घे की. कातडं काय, शेपूट पण घे." ह्याच्यावर तालमीत रोज हशा. नारायण मला येऊन विचारायचा, काय गं, तुमच्यात असंच बोलतात ना? मी सांगितलं, नाही, आमच्यात टायपिस्ट नसतात.

जयबा झाले होते पिंगळे साहेब. रमाकांत पिंगळे, आमच्या शेताला लागून जी धाग्याची कंपनी झाली तिचे मॅनेजर. त्यांचं गाव नाशिककडे, मुकण्याच्या शेजारी, म्हणून ते स्वतःला राजाच्या घरातलेच समजायचे. आणि राणी मी. नायकाची बायको. पिंगळे साहेबांच्या बाई, मधुराताई, बोलल्या होत्या की एकतरी अस्सल पाहिजे बाई, नाहीतर मजा नाही. अस्सल म्हणजे मी. गुडघ्याएवढं लुगडं नेसून, नारायणच्या बाजूला, गप्प उभं राहायचं. एक वाक्य नाही.

कोणी विचारेल, मग हो का बोललीस. पिंगळे साहेबांसाठी बोलले. त्यांनी माझ्या बाला सांगितलं होतं की मंगलाला पॅकिंगमध्ये लावून घेतो. मला ती नोकरी पाहिजे होती, एकदम पाहिजे होती. हिरवा एप्रन, गळ्यात फोटोवालं कार्ड, सकाळी रस्त्यावर उभं राहायचं आणि कंपनीच्या गाडीने आपल्यासाठी थांबायचं. धाग्याचे कोन प्लास्टिकमध्ये घालायचे, बस. घरी बसून मी सडत होते. आईशी भांडायची, शेजारणीशी भांडायची, बकऱ्यांशी पण भांडायची.

आणि साहेबांनी ते फुकट नव्हतं कबूल केलं. बाने त्यांना गाडीवाट दिली होती.

गाडीवाट म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोराला पण कळतं. पावसात सगळीकडे भात असतं, तेव्हा कोणी कोणाच्या शेतातून जात नाही. भात उचललं, शेत मोकळं झालं, की ज्याचा रस्ता लांब पडतो तो विचारतो, आणि आपण बांधाकडेने बैलगाडी जाईल एवढी वाट देतो. लाकडं न्या, शेण न्या, विटा न्या. मग उन्हाळ्यात राब घालायची वेळ येते. फांद्या, पालापाचोळा, शेण जमिनीवर पसरून जाळतात, म्हणजे त्या राखेत रोपं चांगली धरतात. तर एकदा राब पडला की वाट मोडली. मग कोणी गाडी घालत नाही. पुढच्या साली परत विचारायचं. ह्यात लिहायचं काही नसतं, अंगठा द्यायचा नसतो. बोललं की झालं.

साहेब बासोबत बांधावर हिंडले आणि बोलले, भिका, नदीवर पंप बसवायचाय, कडेकडेने गाडी जाईल एवढी वाट दे. बा बोलला, घ्या.

कंपनीच्या गाड्या तेव्हापासून जात होत्याच. आमचं कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

तालमीत कातड्यासाठी रेक्झिन आणलं होतं, तपकिरी, कंपनीच्या भंगारातलं. त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून शिवल्या होत्या. दोन पोरं ती पट्टी घेऊन स्टेजभर गोल पळायची, नारायणच्या स्टुलाभोवती, आणि एक टोक माझ्या हातात द्यायची. पिंगळे साहेब दुसरं टोक घेऊन यायचे, दोन्ही टोकांची गाठ मारायचे आणि बोलायचे, आतलं सगळं आमचं. मी तेवढ्यात घाबरायचं होतं. ते मला जमत नव्हतं. सर ओरडायचे, राणीला घाबरता आलं पाहिजे.

चौथ्या की पाचव्या तालमीला मी टोक धरून उभी होते आणि माझं लक्ष पट्टीकडे गेलं. दोन बोटं. उचलून ठेवली तर पिशवीत मावेल. जमीन तिने काहीच झाकली नव्हती. नारायणचं स्टूल तिथंच, त्याचा तांब्या तिथंच, सगळं त्याचं त्याच्याजवळ. फक्त त्याला बाहेर पडायला जागा नव्हती.

आणि मी सकाळीच आमच्या शेतात चुन्याची रेघ बघितली होती.

त्या दिवशी मी घरी न जाता आधी शेतात गेले. उन्हं उतरली होती. बांधाला लागून लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, वरती लाल रंग, आणि मधून चुन्याची रेघ. एका बाजूला एक, तिच्या समोर दुसरी. मी रेघेच्या आतून चालत गेले. डांबरी रस्त्यापासून सुरू, आमच्या वरच्या बांधाने, मग वळून आंब्याच्या बाजूने खाली, मग दमणगंगेच्या काठाकाठाने पंपाच्या जागेपर्यंत. चौथ्या बाजूला कंपनीची भिंत आधीच होती. रेघ भिंतीला जाऊन टेकली.

शेत तिथंच होतं. आमचंच होतं. त्यातलं वीतभर पण कोणी घेतलं नव्हतं. आणि ह्या खुंट्यांवर कुंपण पडलं की आम्हाला आत जायला जागा नव्हती, बैलाला नदीवर न्यायला वाट नव्हती. दोन खुंट्यांच्या मध्ये आमच्या दोन बैलगाड्या सोडा, चार गेल्या असत्या.

मी खुंट्या उपटायला लागले. हाताला येईल ती उपटून नदीकडे फेकत गेले. आंब्यापाशी आले तर मागे बा. तो खाली वाकला, मी फेकलेली खुंटी उचलली आणि तिच्याच भोकात परत बसवली. दगडाने ठोकली. मग पुढची. मी उपटतेय आणि माझा बाप ठोकतोय. शेवटी मीच दमले.

मी त्याला सगळं सांगितलं. वळसा दाखवला, भिंत दाखवली. तो बोलला, साहेब आत कशाला कोंडतील, वाट बोललेत, वाटच असंल.

"शब्द दिलाय गे मी."

"फसवून घेतला त्यांनी."

"घेणाऱ्याचं घेणारा बघंल. दिलाय मी."

मग मी त्याला नाटकातलं सांगितलं. त्याला ती गोष्ट ठाऊक होती, त्याच्या आजाकडून. फक्त त्याची गोष्ट दुसरीच होती. बोलला, तो नायक येडा नव्हता. समोर बसून कातडं कापत होते, त्याला काय दिसत नव्हतं? पण तो घे बोलून बसला होता. म्हणून उठला आणि गेला. "राजा राहिला नाय. पण खोटा पण नाय पडला."

"आणि त्याची पोरंबाळं? ती कुठं गेली?"

"गंभीरगडला."

"काय गुन्हा केलेला त्यांनी?"

बाने दगड खाली ठेवला आणि हात झटकले. मला तेव्हा बापाचा जेवढा राग आला तेवढा पिंगळे साहेबांचा पण नव्हता आला. खरं वागायची एवढी हौस असेल तर आपल्या एकट्याच्या जिवावर वाग.

दुसऱ्या दिवशी तालमीत चहाच्या वेळी साहेब हॉलच्या पायरीवर उभे होते. फेटा काखेत, बशीत चहा. मी जाऊन सरळ विचारलं.

"साहेब, गाडीवाट किती रुंद?"

"तुझ्या वडलांशी बोलणं झालंय."

"बा बैलगाडीचं बोलला."

साहेब हसले. "मंगला, एकोणनव्वद साल चाललंय. गाडी म्हणजे गाडी. टँकर पण गाडीच."

"आणि आमच्या शेतात आम्ही जायचं कुठून?"

"गेट ठेवतोय ना तुमच्यासाठी. वॉचमन उघडून देईल." मग बशी खाली ठेवून हळू आवाजात बोलले, की एक तारखेचं नाटक झालं की दोन तारखेला खांब पडतील, आणि मग मी जॉइन व्हायचं, एप्रन काढून ठेवलाय. आता हे गावभर करायचं की एप्रन घालायचा ते माझं मी बघावं.

साळवी सर मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, मला माहीत आहे, कारण त्यांचा कप हवेत थांबला होता.

मी त्यांच्याकडे वळले. "सर, परिमिती आणि क्षेत्रफळातला फरक मला आता येतो. विचारा."

सरांनी एकदा साहेबांकडे बघितलं. मंडळाचा स्टेज, लाइट, पडदा, सगळं साहेबांच्या कंपनीकडून होतं. मग ते कपात बघून बोलले, "राणीला संवाद नाहीत, मंगला."

दुसरी कोणी असती तर नाटक सोडून गेली असती. मी पण जाणार होते. पण साहेबांनी बाला नाटकाला बोलावलं होतं, पहिल्या रांगेत बसवणार होते, जमीनवाला म्हणून. मी विचार केला, मी सांगून बाला दिसत नाही. उपटून दिसत नाही. नाटकात दिसेल कदाचित. म्हणून राहिले आणि पुढच्या तालमींना अशी काही घाबरले की सर पण खूश.

एक मेला संध्याकाळी शाळेच्या पटांगणात नाटक होतं. उजेड अजून पूर्ण गेला नव्हता आणि स्टेजवर लाइट लावून झाले होते. बा पहिल्या रांगेत, खुर्चीवर, धुतलेला सदरा घालून, दोन्ही हात मांडीवर. त्याच्या एका बाजूला मधुराताई, दुसऱ्या बाजूला कंपनीचे कोणी मोठे साहेब. तो खुर्चीला पाठ टेकत नव्हता. मागे सगळी कंपनी, ऑफिसर, त्यांच्या बायका, आणि एकदम मागे भिंतीजवळ आमची माणसं, उभी.

नारायण काळा होऊन आला तेव्हाच हशा सुरू झाला. पोट खाजवलं, हशा. शेपूट पण घे, शिट्ट्या. मी बाकडे बघत होते. तो हसत नव्हता, त्याला राग पण आलेला दिसत नव्हता. पाहुण्यांकडे जेवायला बसल्यासारखा बसला होता.

मग पट्टी निघाली. पोरं गोल पळाली. माझ्या हातात टोक आलं. मी ते वर धरलं, छातीएवढं, पट्टी ताणली, म्हणजे खालून नीट दिसावी. बाची मान पट्टीबरोबर फिरायला लागली. वरून, वळून, खालून. मी बघत होते. आमच्या शेतात आंब्यापाशी आहे तसं वळण आलं तिथं त्याचे डोळे थांबले.

नारायणचं वाक्य होतं, "मग आम्ही बाहेर जायचं कुठून?" त्याच्यावर जयबाने बोलायचं होतं, "आम्ही सांगू तिथून." सरांनी तसं लिहिलं होतं. पण साहेबांना त्या दिवशी हशाची चटक लागली होती. त्यांनी मिशीला पीळ दिला, आपल्या कंपनीच्या लोकांकडे बघितलं आणि बोलले, "घाबरू नका नायक. तुमच्यासाठी गेट ठेवतोय. वॉचमन उघडून देईल."

कंपनीची माणसं एवढी हसली की दोघं-तिघं खुर्चीतून उठली. मोठे साहेब पण हसले. त्यांनी बाच्या पाठीवर थाप मारली.

बा उठला. सदरा खाली ओढला, खुर्ची नीट मागे सरकवली आणि रांगेतून बाहेर गेला. मधुराताईंनी पाय आखडून त्याला वाट दिली. त्यांना वाटलं असेल, म्हातारा लघवीला चालला.

साहेब दुसरं टोक घेऊन माझ्यासमोर आले, गाठ मारायला. मी सोडलं नाही. त्यांनी ओढलं. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे, टाळ्या पडल्या. साहेब दात दाखवत होते आणि दातांच्या आतून बोलत होते, "सोड. सोड गं, मूर्ख." त्यांनी चांगला जोर लावला आणि मग मी सोडलं.

राजा बसला तो नारायणच्या तांब्यावर.

पडद्याची दोरी ओढायला कोणी तरी धावलं. मी पट्टी भराभर गोळा केली, कंबरेला गुंडाळली आणि मागच्या बाजूने निघाले. सर मला हाक मारत होते, दुसऱ्या अंकात गर्दीत उभं राहायला माणूस कमी पडत होता. शिरपामाळ मी बघितला नाही.

घरी बा झोपला होता, नाहीतर तोंड फिरवून पडला होता.

सकाळी उजाडताना फांद्या ओढल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर राबासाठी जी ऐनाची खांडं आणि पाला आम्ही आवणाजवळ रचून ठेवला होता, रोपं करायच्या जागेशी, तो ढीग अर्धा रिकामा. बा भारा ओढत शेताच्या वरच्या तोंडाशी चालला होता, जिथं खुंट्या डांबरी रस्त्याला भिडतात तिथं. आई डोक्यावर शेणाची पाटी घेऊन त्याच्या मागे.

मी जवळ गेले. त्याने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "ते कंबरेचं दे."

मी रेक्झिनची पट्टी सोडून दिली. त्याने तिने पुढचा भारा आवळला, ओढून बघितला, पक्का बसला.

"बा, शब्दाचं काय?"

"शब्द हायच. वाट दिलेली मी. रस्ता नाय." मग भारा पाठीवर घेत बोलला, "राब पडला की वाट मोडते. कोणाला पण विचार."

म्हणजे हा माणूस खोटा पडणार नव्हता. त्याने शब्द मोडला नव्हता, उलटून पण घेतला नव्हता. जेवढा दिला होता तेवढाच मोजून दिला होता. मग मी पण भारा उचलला.

दोन्ही खुंट्यांच्या मध्ये आम्ही शेण पसरलं, वर पाला, वर फांद्या, वर माती भुरभुरली. बाने वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवलं, म्हणजे हळूहळू जळेल. धूर डांबरी रस्त्यावर गेला. रस्त्याने जाणारी बायामाणसं बघायची आणि पुढे जायची. राब होता तो. त्यात बघायचं काय.

जीप आली, मागे टेम्पो, सिमेंटचे खांब भरलेला. पिंगळे साहेब उतरले. वरच्या ओठावर मिशीच्या डिंकाची पांढरी रेघ तशीच होती, आणि चालताना ते कंबर जपत होते. त्यांनी आधी टेम्पोवाल्याला सांगितलं, चल, आत घाल, बाजूने काढ.

टेम्पोवाला झुंबर, सुरंगी गावचा. त्याने इंजिन बंद केलं. खिडकीतून धुराकडे बघितलं, बाकडे बघितलं.

"साहेब, राब पडलाय," तो बोलला. "वाट मोडली."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आता गाडी नाय घालत."

साहेबांनी त्याला शिव्या दिल्या, हिंदीत, मग मराठीत. झुंबरने बिडी काढली. मग ते बाकडे आले आणि शब्दाचं काढलं. मी तुला माणूस समजून तुझ्या शब्दावर खांब मागवले, वारल्याचा शब्द म्हणतात तो हाच काय. मला वाटलं आता बा मान खाली घालेल. नाही घातली.

"शब्द गाडीवाटेचा. चालली ना इतके दिवस? कोणी अडवली? आता मोडली. भात उचललं की परत विचारायला या." बाने काठीने निखारा आत सारला. "बैल घेऊन या."

टेम्पोत मागे खांबांवर बसलेली मजूर पोरं हसली. आमच्यातलीच होती. साहेबांनी वळून बघितलं तशी गप्प झाली, पण हसली ती हसली.

मग ते माझ्याकडे आले. एवढे जवळ आले की डिंकाचा वास आला. बोलले, एप्रन दुसरीला जाईल. आणि ह्या भागात एक पण कंपनी तुला गेटच्या आत घेणार नाही, ते मी बघतो.

मला लागलं. का खोटं बोलू, लागलंच. ते कार्ड, ती गाडी थांबायची, सगळं एकदम समोर आलं आणि धुराने डोळ्यात पाणी आलं ते बरं झालं.

"गेटच्या आत आम्हाला कोंडणार होतात ना," मी बोलले. "आता बाहेर ठेवा."

ते बोलले, उद्या मोजणीवाले घेऊन येतो, पोलीस घेऊन येतो, बघू तुझा राब. बोलले ते खरंच बोलले असतील. अशी माणसं परत येतात, आणि दुसऱ्या वेळी गाडीवाट मागत नाहीत. जीप वळली. टेम्पो वळायला जागा नव्हती, तर झुंबर मागेच मागेच घेत गेला, डांबरी रस्ता लागेपर्यंत.

बा खुंटीपाशी गेला. जी त्याने स्वतः दगडाने ठोकली होती तीच. हलवून बघितली, पक्की होती. दोन्ही हातांनी उपटली आणि आगीत टाकली. लाल रंग आधी पेटला.

"उभी काय राहिलीस गे," बा बोलला. "आंब्यापासच्या आण."